वाचकांचे प्रश्न : मांजर पिल्लांना अंगावर घेत नसेल तर

पावसाळा तोंडावर आला की मांजरांच्या पिल्लांविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या पत्रांतून चार पत्रे निवडली आहेत, कारण ती जन्मापासून दूध तुटेपर्यंतच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे आणि पुढच्या उत्तरांत त्यातील गोष्टी पुन्हा सांगितलेल्या नाहीत. म्हणून ते सर्वांनीच वाचावे, ही विनंती.

प्रश्न : आमच्या घरातील दीड वर्षाची मांजर परवा पहिल्यांदाच व्यायली. माळ्यावरच्या ट्रंकेमागे तिने चार पिल्ले घातली. ती पिल्लांजवळ बसते, परंतु पिल्लू सडाला लागले की उठून निघून जाते. पहिल्या रात्री पिल्ले सारखी ओरडत होती, म्हणून आम्ही गाईच्या दुधात निम्मे पाणी घालून ते कापसाच्या वातीने पाजले. आज त्यांतील दोघांना जुलाब होत आहेत. मुलांनी पिल्लांना हात लावला म्हणून मांजरीने ती टाकली, असे सासूबाई म्हणतात. हे खरे आहे का, आणि आता आम्ही काय करावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून पाळीव मांजर पिल्लांना टाकत नाही. जी मांजर रोज आपल्या मांडीवर झोपते, तिला आपला वास परका नसतो. मात्र मुलांची ये-जा, वाकून पाहणे, टॉर्चचा उजेड, पिल्लांना उचलून खाली आणणे यांमुळे तिला ती जागा असुरक्षित वाटू लागते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो, त्यामागे पुष्कळदा हीच भीती असते. पहिल्या वेताची मांजर अशा वेळी इतकी अस्वस्थ होते की निवांत आडवी पडतच नाही, आणि ती आडवी पडली नाही तर पिल्लांनी कितीही धडपड केली तरी त्यांना पोटभर दूध मिळत नाही.

म्हणून बाटली शोधण्याआधी मांजरीकडे पाहावे. तिच्या पोटाखाली सहसा सडांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक सडाभोवतीचा भाग हलक्या हाताने चाचपून पाहावा. एखादा भाग गरम, कठीण, लालसर किंवा जांभळट झाला असेल आणि हात लावताच ती चिडत असेल, तर दूधग्रंथींचा दाह झालेला असतो. तिला पाजताना वेदना होतात आणि त्या वेदनेमुळेच ती उठून जाते. मायांगातून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तिने दिवसभर काही खाल्ले नसेल किंवा अंग तापले असेल, तर वार आत राहिल्याची किंवा गर्भाशयात जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यावी. आणखी एक अवस्था अशी आहे की तिच्यात तासाभराचाही विलंब करू नये : मांजर धापा टाकू लागते, पाय ताठ टाकत चालते, तिचे अंग थरथरते आणि पुढे झटके येतात. दुधावाटे कॅल्शियम भराभर निघून गेल्याने रक्तातील त्याचे प्रमाण घसरते, तेव्हा असे होते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत हा धोका अधिक असतो. वेळेवर इंजेक्शन मिळाले तर मांजर सहसा लवकर सावरते, नाही तर दगावते. यांपैकी एकही लक्षण असेल, तर पिल्लांसह मांजरीला आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. घरातील पॅरासिटामॉलची गोळी तिला कधीही देऊ नये; मांजरांसाठी ती विष आहे.

यांतले काही नसेल, तर आपल्या पत्रावरून मला वाटते की मांजरीला दूध आहे, पण स्वस्थता नाही. घरातील एखादी कमी वापराची खोली रिकामी करावी. मांजर आत-बाहेर करू शकेल पण पिल्ले बाहेर येऊ शकणार नाहीत इतक्या उंच कडेचे खोके घेऊन त्यात जुन्या सुती साडीच्या घड्या अंथराव्यात. खोक्यापासून दोन हातांवर तिचे अन्न-पाणी आणि दूरच्या कोपऱ्यात वाळूचे घमेले ठेवावे. दिवसातून चार-सहा वेळा घरातील एकाच व्यक्तीने आत जावे. तिला कुरवाळत एका कुशीवर निजवावे, पिल्ले एकेक करून सडांना लावावीत आणि ती पीत असेपर्यंत तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहावे. पिल्लांच्या चोखण्यानेच पान्हा फुटतो, म्हणून पहिल्या दोन-चार वेळा दूध कमी आले तरी धीर सोडू नये. तिला भरपूर खाऊ घालावे. पाजत्या मांजरीला नेहमीच्या दोन ते तीन पट अन्न लागते, आणि दोन वेळच्या दूध-पोळीवर चार पिल्लांचे दूध तयार होत नाही. एक-दोन दिवसांत बऱ्याच मांजरी पिल्लांना स्वीकारतात. तोपर्यंत पिल्लांना वरचे दूध द्यावे लागले, तरी त्यांना तिच्याजवळच ठेवावे. ती पाजत नसली तरी चाटत आणि ऊब देत असेल, तर आपले निम्मे काम ती करत आहे.

आता वरच्या दुधाविषयी. गाईचे दूध वासरासाठी असते. त्यात प्रथिने साधारण साडेतीन टक्के असतात. मांजरीच्या दुधात ती सुमारे दुप्पट असतात आणि स्निग्धांशही अधिक असतो. उलट, मिळणाऱ्या ऊर्जेच्या मानाने गाईच्या दुधात दुग्धशर्करा जास्त पडते आणि ती न पचल्यामुळे जुलाब होतात. त्यात पाणी घातल्याने ते पचायला हलके होते, हा समज फार रूढ आहे आणि त्याने फार पिल्ले दगावली आहेत. पिल्लाचे पोट चमचाभर दुधाने भरते. त्यातही निम्मे पाणीच असेल तर पोट भरलेले दिसते आणि पिल्लू उपाशी राहते.

पाळीव प्राण्यांच्या दुकानांत आणि काही औषधांच्या दुकानांत खास मांजरांच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती आणावी आणि डब्यावर दिलेल्या प्रमाणातच कालवावी. लहान मुलांची दूध पावडर हा तिला पर्याय नाही. आपल्या गावात ती मिळत नसेल आणि मागवून यायला दोन दिवस लागणार असतील, तर तेवढ्यापुरता एक उपाय आहे : पूर्ण सायीचे, उकळून कोमट केलेले १२० मिलिलिटर दूध, एका अंड्याचा फक्त पिवळा बलक आणि अर्धा चमचा खाद्यतेल एकत्र घुसळून गाळून घ्यावे. हे मिश्रण फ्रीजमध्ये ठेवावे आणि २४ तासांनी उरलेले टाकून द्यावे. पावडर हाती आली की ते बंद करावे. आपल्या ज्या दोन पिल्लांना जुलाब होत आहेत, त्यांना मात्र आजच डॉक्टरांना दाखवावे, कारण दोन दिवसांच्या पिल्लाच्या अंगातील पाणी काही तासांत कमी होते.

किती दूध पाजावे, हे पिल्लाच्या ओरडण्यावरून ठरवू नये, वजनावरून ठरवावे. स्वयंपाकघरात वापरतात तसा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा विकत घ्यावा. मी तर म्हणेन, बाटलीच्या आधी काटा घ्यावा. नवजात पिल्लाचे वजन साधारण ९० ते ११० ग्रॅम असते. दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसभरात सुमारे २० मिलिलिटर दूध लागते आणि एका वेळी १०० ग्रॅममागे चार मिलिलिटरपेक्षा अधिक देऊ नये, कारण पोटात तेवढीच जागा असते. म्हणजे १०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसातून आठ वेळा अडीच-अडीच मिलिलिटर. पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा; दुसऱ्या आठवड्यात तीन ते चार तासांनी; तिसऱ्यात चार ते पाच तासांनी. रोज एकाच वेळी, पाजण्यापूर्वी वजन करून वहीत लिहावे. पिल्ले सारखी दिसत असतील तर प्रत्येकाच्या वेगळ्या पायाच्या नखावर नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. गळ्यात दोरा बांधू नये. दिवसाला किमान दहा ग्रॅम वाढ झाली की आपले बरे चालले आहे असे समजावे. पूर्ण एक दिवस काटा हलला नाही, तर ते पिल्लू अंगठ्याएवढ्या पोटाने कितीही गुबगुबीत दिसत असले तरी काहीतरी बिघडले आहे.

कापसाची वात सोडून द्यावी. तिने किती दूध गेले ते कळत नाही आणि कापसाचे तंतू पोटात जातात. पिल्लांसाठीची छोटी बाटली, किंवा ती नसल्यास सुई काढलेली एक किंवा दोन मिलिलिटरची सिरिंज वापरावी. बाटली उलटी धरल्यावर थेंब सावकाश पडावेत, धार लागू नये, एवढेच छिद्र बुचाला असावे. दूध मनगटावर टाकून पाहावे. ते अंगाइतकेच कोमट लागले पाहिजे.

पिल्लाला कसे धरावे, याकडे कृपया विशेष लक्ष द्यावे. आपण तान्ह्या बाळाला उताणे धरून पाजतो, त्यामुळे हात आपोआप तसे वळतात; पण मांजरीचे पिल्लू आईला पिताना पालथे असते, पोट खाली आणि मान किंचित वर. तसेच ते टेबलावर किंवा मांडीवर टॉवेल अंथरून त्यावर ठेवावे आणि त्याला स्वतः चोखू द्यावे. सिरिंजचा दट्ट्या त्याच्या गिळण्याच्या वेगानेच पुढे सरकला पाहिजे. उताण्या पिल्लाच्या तोंडात दूध ओतले की ते श्वासनलिकेत उतरते आणि पुढे फुफ्फुसांचा दाह होतो. उपासमारीइतकीच पिल्ले अशा घाईने जातात. नाकातून दूध आले तर तत्काळ थांबावे, डोके थोडे खाली करून नाक पुसावे आणि श्वास पूर्ववत झाल्याशिवाय पुन्हा पाजू नये. पुढचे दोन-तीन दिवस श्वासात घरघर किंवा धाप दिसली तर डॉक्टरांकडे जावे.

एक काम लोकांना ठाऊकच नसते. पहिले तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. मांजर चाटत नसेल, तर प्रत्येक वेळी पाजण्याआधी किंवा नंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने शेपटीखालचा भाग हळुवार पुसत राहावे. मिनिटभरात लघवी होते. ती फिकट असावी. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडत आहे. शी मोहरीच्या रंगाची, मऊ पण आकार धरणारी असावी, आणि ती रोज झालीच पाहिजे असे नाही.

शेवटी चिकाविषयी, कारण तो आपण विचारलेला नसला तरी महत्त्वाचा आहे. जन्मानंतरच्या पहिल्या १६ ते १८ तासांत पिल्लाच्या आतड्यातून आईच्या दुधातील प्रतिपिंडे थेट रक्तात शोषली जातात. नंतर ती वाट बंद होते. आपल्या पिल्लांनी त्या काळात थोडे तरी आईचे दूध ओढले असेल अशी आशा आहे, पण खात्री नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे ते लसीकरणाचा विचार त्यानुसार करतील. तोवर बाहेरच्या मांजरांना हात लावून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय या पिल्लांना कोणीही उचलू नये.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मीटरच्या खोलीत डोळे न उघडलेली दोन पिल्ले सापडली. मांजर कुठेच दिसत नाही. पिल्लांची अंगे थंडगार होती, म्हणून लगेच दूध पाजण्याचा प्रयत्न केला, पण ती तोंड उघडत नाहीत. त्यांचे वय कसे ओळखावे आणि त्यांना जगवण्यासाठी काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कृपया दूध पाजणे थांबवावे. हे वाक्य मी सर्वांत आधी लिहीत आहे, कारण पशुवैद्यकाचे शिक्षण घेत असताना माझ्या हातून हीच चूक झाली होती. जुलैच्या एका रात्री पावसात भिजलेले पिल्लू मी खोलीवर आणले, घाईघाईने पुसले आणि भूक लागली असेल म्हणून लगेच दूध पाजले. पहाटे ते गेले. त्याच्या पोटात ते दूध तसेच होते. अंग थंड पडलेल्या पिल्लाची आतडी हलत नाहीत; आत गेलेले दूध पचत नाही, नासते किंवा उलटून श्वासनलिकेत जाते. तेव्हापासून मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलो आहे की आधी ऊब, मग दूध.

पहिल्या आठवड्यातील पिल्लाच्या अंगाचे तापमान ३५ ते ३६ अंश सेल्सिअस असते आणि त्याला थरथरून स्वतःला गरम करता येत नाही. ते ३५ अंशांच्या खाली गेले, तोंडाच्या आत बोट घातल्यावर गार लागले, तर त्याला एक ते तीन तासांत हळूहळू ऊब द्यावी. सर्वांत सोपा उपाय म्हणजे आपल्या अंगाशी, कपड्यांच्या आत धरून बसणे. त्यानंतर रबरी शेकपिशवीत किंवा घट्ट बुचाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती जाड टॉवेलात गुंडाळावी आणि खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवावी, म्हणजे उष्णता जास्त झाली तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. हेअर ड्रायर, गरम पाण्याची अंघोळ किंवा उघडी शेगडी यांनी झटपट गरम करू नये. त्याने कातडी भाजते आणि पिल्लाला धक्का बसतो. पिल्लू फारच निपचित असेल तर ऊब देत असतानाच ग्लुकोजच्या दाट पाण्याचे बोट हिरड्यांवर फिरवावे. ते गिळावे लागत नाही. तोंडात बोट घातल्यावर ते चोखू लागले की मग पहिले दूध द्यावे.

त्यांच्या जागेतील हवा पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश आणि पुढचे दोन आठवडे २७ ते २९ अंश असावी. डोंबिवलीच्या पावसाळ्यात त्यासाठी रात्री शेकपिशवी लागेल. हे वाचणाऱ्या सोलापूर-नागपूरकडच्या वाचकांनी मात्र मे महिन्यात शेक देऊ नये. तेथे पिल्ले एकमेकांपासून दूर पसरून तोंड उघडे टाकून पडली, तर ती उष्म्याने त्रासली आहेत असे समजावे.

वयाचा अंदाज असा करता येतो. नाळेचा वाळलेला तुकडा अजून असेल तर पिल्लू चार-पाच दिवसांच्या आतले आहे. डोळे सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान उघडतात. ते बोटांनी उघडण्याचा प्रयत्न करू नये. तिसऱ्या आठवड्यापर्यंत कान उभे राहतात आणि पुढचे बारीक दात हिरडीतून लागू लागतात.

मांजर दिसत नाही, याचा अर्थ ती मेली असाच होत नाही. ती अन्नाच्या शोधात काही तास बाहेर राहते किंवा पिल्ले एकेक करून हलवत असते. पिल्ले उबदार, स्वच्छ आणि शांत असती, तर मी आपल्याला दुरून काही तास वाट पाहायला सांगितले असते. आपली पिल्ले थंडगार होती, त्यामुळे ती उचलली हे योग्यच केले. तरीही दोन दिवस मीटरच्या खोलीकडे लक्ष ठेवावे आणि पहारेकऱ्यांनाही सांगून ठेवावे. मांजर आली आणि पिल्ले तोवर सावरली असतील, तर उबदार खोक्यासह ती तिला परत द्यावीत. तिच्याइतके चांगले आपल्याला जमणार नाही. अंगावर पिसवा असतील तर उवांच्या बारीक फणीने काढाव्यात, कारण पिसवा एवढ्याशा पिल्लाचे रक्त इतके शोषतात की ते पांढरे पडते. परंतु कुत्र्यांसाठीचे औषध किंवा फिनाइलसारखे जंतुनाशक त्यांच्या अंगाला लावू नये. रात्री-अपरात्री अडचण आली तर मुंबईत परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे; एकोणिसाव्या शतकापासून ते प्राण्यांसाठी काम करत आहे. निघण्यापूर्वी मात्र फोन करून वेळेची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही बाटलीवर वाढवलेली तीन पिल्ले आता जवळजवळ चार आठवड्यांची झाली आहेत. त्यांचे दूध केव्हा आणि कसे तोडावे? आमचे घर पूर्णपणे शाकाहारी आहे. दूध-पोळी, दूध-भात आणि दही यांवर ती वाढतील ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चार आठवडे रात्री जागून आपण तीन पिल्ले वाढवली, याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. त्यांचे उष्टावण करण्याची वेळ आली आहे. पिल्लू न डगमगता चालू लागले, त्याला सुळे आले आणि ते बाटलीचे बूच चोखण्याऐवजी चावू लागले, की ते तयार झाले असे समजावे. वयाचे दिवस मोजण्यापेक्षा या खुणा पाहाव्यात, कारण आईविना वाढलेली पिल्ले कधी कधी आठवडाभर मागे असतात.

दूध एका दिवसात तोडायचे नसते. पिल्लांसाठीचे मऊ खाद्य त्यांच्या नेहमीच्या दुधात कालवून पेजेसारखे पातळ करावे आणि कोमट असताना उथळ बशीत द्यावे. पहिल्या दिवशी ती त्यात पाय घालतील, शिंकतील आणि एकमेकांना चाटतील. तेवढेही पुरे आहे. बोटाला थोडी पेज घेऊन वरच्या ओठाला लावावी, परंतु पिल्लाचे तोंड धरून बशीत दाबू नये, कारण नाकात पेज गेली की ते बशीला घाबरू लागते. दिवसातून चार-पाच वेळा पेज द्यावी आणि त्यानंतर उरलेली भूक बाटलीने भागवावी. दर दोन-तीन दिवसांनी पेज थोडी घट्ट करत जावे आणि बाटलीच्या वेळा एकेक करून कमी कराव्यात. रात्रीची बाटली सर्वांत शेवटी सुटते. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान ती पूर्णपणे खाण्यावर येतात. या काळातही काटा बाजूला ठेवू नये. चौथ्या आठवड्याच्या शेवटी वजन ४०० ते ४५० ग्रॅम आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी ८०० ग्रॅमच्या पुढे असावे. खाण्यातील बदलामुळे एखादा दिवस शी सैल झाली तर पेज पुन्हा पातळ करावी. जुलाब दुसऱ्या दिवशीही राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. आता पाण्याची उथळ वाटी ठेवावी, आणि शेजारी बारीक वाळूचे किंवा कागदाच्या कपट्यांचे घमेले. ओले झाल्यावर गोळा बांधणारी विकतची माती या वयात वापरू नये, कारण पिल्ले ती खातात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला नाही असेच द्यावे लागते, आणि ते मी आपल्या आहारनिष्ठेचा पूर्ण आदर राखून देत आहे. मांजर हा मांसाहारावरच जगणारा प्राणी आहे. ही त्याची आवड नाही, शरीराची रचना आहे. गाजरातील किंवा पालेभाज्यांतील द्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करणे त्याच्या शरीराला जमत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला अन्नातूनच पुरेसे मिळावे लागते आणि ते मांस, मासे यांत असते. धान्यात आणि भाज्यांत ते नसते, तर दुधात अगदी थोडे असते. टॉरिन कमी पडले की डोळ्यांचा पडदा खराब होऊन दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. या हृदयविकाराचे मूळ टॉरिनच्या कमतरतेत आहे, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, आणि त्यानंतर विकतच्या खाद्यांत त्याचे प्रमाण वाढवण्यात आले. दूध-पोळीवर पिल्लू काही महिने जगते, वाढतेही, म्हणून आपल्याला सारे ठीक वाटते. नुकसान दिसू लागते तेव्हा गेलेली दृष्टी परत येत नाही.

घरात मांस शिजवावे लागेल असा याचा अर्थ नाही. पिल्लांसाठीचे, वाढीच्या वयासाठी परिपूर्ण असे लिहिलेले कोरडे खाद्य कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करले की पेज तयार होते. त्यासाठी बाल्कनीत वेगळी बशी आणि वेगळा चमचा ठेवावा. पुष्कळ शाकाहारी कुटुंबे असे करतात. ज्या घरी मांसाहार चालतो त्यांनी बिनमिठाचे, हाडे काढलेले, उकडून बारीक केलेले चिकन वरखाणे म्हणून जरूर द्यावे, पण फक्त त्यावरच पिल्लू वाढवू नये. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असते आणि महिना-दोन महिन्यांत हाडे इतकी ठिसूळ होतात की ओट्यावरून उडी मारतानाही पाय मोडतो. आपल्या ताटातील रश्श्याचे मटण देऊ नये. कांदा आणि लसूण मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, मग ते शिजलेले असोत की कच्चे. सुकट आणि सुके बोंबील यांच्या वासाने पिल्ले वेडी होतात, परंतु त्यांतील मीठ त्यांना सोसत नाही.

या आठवड्यात जंताचे औषधही डॉक्टरांकडून वजनानुसार ठरवून घ्यावे. पोट टम्म आणि बरगड्या उघड्या असे पिल्लू दिसले, की लोक त्याला चांगले खाणारे समजतात. पुष्कळदा ते जंतांनी भरलेले असते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान द्यावी आणि त्यानंतर १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन ते चार आठवड्यांनी पुढचे डोस द्यावेत. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनी देतात.

प्रश्न : आमच्या मांजरीने पाच पिल्ले छान वाढवली, पण ती सात आठवड्यांची झाल्यापासून ती त्यांच्यावर गुरगुरते, पंजा मारते आणि पिऊ देत नाही. शिवाय ती रात्री विचित्र आवाजात ओरडते आणि बाहेर पळू पाहते. ती पिल्लांना विसरली का? त्यांना पुन्हा बाटली लावावी का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बाटली लावू नये. आपली मांजर पिल्लांना विसरलेली नाही. ती त्यांचे दूध तोडत आहे. पिल्लांचे दात आता सुईसारखे झाले आहेत आणि तिला ते बोचतात. पंजा मारताना ती नखे आत घेते, हे नीट पाहिल्यास दिसेल. तिने हे काम आपल्यासाठी सोपे केले आहे. पिल्ले भिजवलेले खाद्य नीट खात असतील आणि त्यांचे वजन वाढत असेल, तर आपण मध्ये पडू नये. फक्त तिला पिल्लांना चढता येणार नाही अशी एखादी उंच जागा द्यावी. पिल्ले कोणाला द्यायची असतील, तर आणखी काही आठवडे तिच्याजवळ ठेवूनच द्यावीत, कारण चावणे कुठे थांबवावे आणि नखे केव्हा आत घ्यावीत हे ती आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतात.

रात्रीचे ओरडणे मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाही. ती पुन्हा माजावर आली आहे. मांजर पाजत असतानासुद्धा गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत पुन्हा विते. पाठोपाठ वेत झाले की तिच्या अंगातील सत्त्व भरून निघत नाही, आणि पहिल्या पत्रातील मांजरीप्रमाणे पिल्लांना न पाजणाऱ्या मांजरींत अशा थकलेल्या मांजरीही असतात. म्हणून तिला आजपासून घराबाहेर सोडू नये आणि खिडक्यांना जाळी लावावी. पिल्ले पूर्णपणे खाण्यावर आल्यावर दूध आटायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या काळात तिचे वाढवलेले खाणे हळूहळू नेहमीवर आणावे, सड पिळू नयेत, आणि दूध आटले की डॉक्टरांकडून तिच्या नसबंदीची तारीख घ्यावी. त्याच वेळी माद्या पिल्लांचीही तारीख विचारून ठेवावी, कारण त्या चार-पाच महिन्यांच्या वयातच गाभण राहू शकतात.